हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी आणि बदलताना

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे २०१६ सालची हॅचबॅक आहे, तिच्या हेडलाइटमध्ये एच-४ प्रकारचा एकच बल्ब अप्पर (दूरवर जाणारा झोत) आणि डिपर (खाली वळलेला झोत) अशी दोन्ही कामे करतो, आणि नवी मुंबईतील महाप्याहून रात्री उशिरा परतताना, विशेषतः पावसात, डिपरवर त्यांना रस्ता नीट दिसत नाही. दुकानदाराने त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले आहेत : १००/९० वॅटचा हॅलोजन, निळसर पांढरा ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन, आणि खोक्यावर ‘२०,००० ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) असे छापलेली एलईडीची जोडी. यांपैकी कोणता घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, या तिघांपैकी एकही घेऊ नये. एखाद्या नामांकित कंपनीचा, गाडीला मुळात नेमून दिलेल्याच ६०/५५ वॅटचा, परंतु जास्त उजेडासाठी खास बनवलेला हॅलोजन घ्यावा. आणि तोही बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज, हेडलाइटची काच आणि फोकस, म्हणजे झोताची दिशा, या तीन गोष्टी तपासल्यानंतरच. वाहनांच्या विजेचे काम करताना मी वारंवार पाहत आलो आहे की, आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीचा उजेड कमी झालेला असतो त्यात बल्बचा वाटा बहुधा सर्वांत लहान असतो, आणि पैसे मात्र सर्वांत आधी बल्बवरच खर्च होतात.

प्रथम व्होल्टेजविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा भाग दुकानात कोणी समजावून सांगत नाही. एच-४ बल्बचा उजेड प्रयोगशाळेत १३.२ व्होल्टला मोजतात, आणि त्या वेळी बल्बच्या आतील डिपरच्या तारेतून (फिलामेंटमधून) सुमारे १,००० व अप्परच्या तारेतून सुमारे १,६५० ल्युमेन मिळणे अपेक्षित असते. टंगस्टनच्या तारेचा स्वभाव असा आहे की व्होल्टेज थोडा उतरला तरी उजेड फार उतरतो. ढोबळमानाने तो व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे बल्बच्या टोकाशी १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर उजेड ७२ टक्क्यांवर येतो, आणि ११.५ व्होल्ट मिळाले तर ६३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वायरिंगच्या तारा आणि जोडांमध्ये दीड-पावणेदोन व्होल्ट हरवले की एक तृतीयांशाहून अधिक उजेड हरवला, आणि त्या गाडीत कितीही महागडा बल्ब बसवला तरी तोही तेवढाच उपाशी राहणार.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून डिपर लावावा, आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहावा आणि मग बल्बचा कपलर, म्हणजे बल्बच्या मागे बसणारा तारांचा प्लग, जोडलेलाच ठेवून त्याच्या मागील बाजूने टोके लावून पुन्हा पाहावा. कपलर काढून, म्हणजे बल्बवर भार नसताना, घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण तारेत विद्युतप्रवाहच नसेल तर घटही दिसत नाही. बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास असताना कपलरवर १३.५ मिळत असतील तर वायरिंगची चिंता सोडून द्यावी. तेथे १२.८ पेक्षा कमी दिसत असेल तर दोष शोधावा, आणि तो शोधताना सर्वप्रथम अर्थिंग पाहावे. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीकाठची असल्याने हवेत खारटपणा असतो, पावसाळ्यात बोनेटच्या आत पाण्याचे तुषार जात राहतात, आणि बॉडीला कसलेल्या अर्थच्या नटाखाली पांढरट-हिरवट थर साचतो. तो नट काढून, पत्रा घासून चकचकीत करून, वर थोडे पेट्रोलियम जेली लावून पुन्हा कसला, तर पुष्कळ वेळा नवा बल्ब बसवल्यासारखा फरक त्या एवढ्या कामाने पडतो. त्यानंतर कपलर पाहावा : प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल किंवा आतील पिना सैल झाल्या असतील तर तो बदलावा.

अर्थिंग आणि कपलर ठीक असूनही घट राहत असेल, तर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवण्याचा विचार करावा. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, लांब आणि बारीक तारांनी फिरून येतो. रिलेच्या जोडणीत जाड तार बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट बल्बपर्यंत जाते आणि जुनी तार फक्त रिलेला इशारा देण्यापुरती उरते. बाजारात हा संच सिरॅमिक होल्डरसह तयार मिळतो आणि तो मूळ कपलरलाच जोडता येत असल्याने तार कापावी लागत नाही. मात्र नव्या पिढीच्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय मॉड्यूलकडे असते आणि तेथे अशी जोडणी परस्पर करू नये. आपल्या गाडीत काय आहे हे सर्किटची आकृती पाहूनच ठरवावे.

येथेच १००/९० वॅटच्या बल्बचा हिशेब उघड होतो. ५५ वॅटच्या जागी ९० वॅट आले की प्रवाह सुमारे १.६ पट होतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळपास २.७ पट होते. ज्या तारेत आधीच व्होल्टेज हरवत होता, तिच्यात तो आणखी हरवतो, म्हणून पैसे दिलेल्या वॅटांपैकी बराचसा भाग रस्त्यावर न पडता तारांनाच तापवतो. कपलर वितळतो, रिफ्लेक्टरवरील (बल्बभोवतीच्या आरशावरील) चांदीसारखा मुलामा कालांतराने काळवंडतो, आणि रिफ्लेक्टर एकदा निस्तेज झाला की पुन्हा मूळ बल्ब लावूनही जुना उजेड परत येत नाही. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज घालणारे कारागीरही आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नये.

आता काचेविषयी. आपण सवयीने काच म्हणतो, पण २०१६ सालच्या गाडीची ती काच नसून पॉलिकार्बोनेट आहे, आणि उन्हातील अतिनील किरणांनी तिचा वरचा संरक्षक थर झिजला की ती पिवळट, धुरकट होते. गाडी इमारतीच्या आवारात उघड्यावर उभी राहत असेल तर हे लवकर होते. धुरकट काच उजेड अडवते एवढेच नाही, तर उरलेला उजेड इकडेतिकडे विखुरते. त्यामुळे आपल्याला कमी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जास्त जाते. अशा काचेमागे अधिक तेजस्वी बल्ब लावणे म्हणजे दोन्ही तोटे वाढवणे होय. आजूबाजूला कागदी टेप चिकटवून १०००, मग २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पॉलिशपेपर भरपूर पाण्याबरोबर फिरवावा, नंतर पॉलिश करावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर अतिनील किरणरोधक थर द्यावा. हा शेवटचा टप्पा वगळला तर काच थोड्याच काळात पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय पुष्कळ जण सांगतात. त्याने काही दिवस बरे दिसते, पण त्यापुढे त्याचा उपयोग नाही. धुरकटपणा आतून असेल किंवा आत दव साचत असेल, तर मागील रबरी झाकण आणि हवेची छिद्रे पाहावीत.

तिसरी गोष्ट फोकसची. डिपरच्या उजेडाला वरच्या बाजूने एक स्पष्ट सीमारेषा असते, आणि आपण डाव्या बाजूने वाहन चालवत असल्यामुळे ती रेषा उजवीकडे सपाट राहून डावीकडे सुमारे १५ अंशांनी वर चढते, जेणेकरून समोरून येणाऱ्याला त्रास न होता डावीकडची कड आणि पादचारी दूरवर दिसावेत. ही रेषा साधारणपणे दर १० मीटरला १० सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का, खाली उतरत जावी असे फोकस लावतात. हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर एक टक्का उतारावर उजेडाची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. तोच उतार दोन टक्के झाला तर ती ३२ मीटरवरच संपते. आता ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना, दीड सेकंद भान येण्यात गेले असे धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात आणि ओल्या रस्त्यावर ६० मीटरपर्यंत. फोकस दोन टक्क्यांवर उतरलेला असेल तर कोणताही बल्ब ही तूट भरून काढू शकत नाही.

तपासणीसाठी सोसायटीच्या पोडियम किंवा तळघरातील पार्किंगची सपाट फरशी आणि समोरची भिंत उत्तम. चाकांत हवा योग्य असावी, चालकाच्या जागी कोणी बसलेले असावे, आणि डॅशबोर्डवरील ० ते ३ आकड्यांचे फोकस खाली-वर करणारे चक्र शून्यावर असावे. ते चक्र मागे माणसे व डिकीत सामान असताना फोकस खाली आणण्यासाठी असते. कोणीतरी कधीतरी ते ३ वर फिरवलेले असते आणि मालकाला वर्षानुवर्षे पत्ता नसतो; हेडलाइट मंद आहे म्हणून आलेल्या काही गाड्या मी एवढे चक्र फिरवून परत पाठवल्या आहेत. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून, हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली भिंतीवर टेप लावावी आणि सीमारेषेचा सपाट भाग त्या टेपवर आणावा. रेषा त्याहून वर चढवण्याचा मोह टाळावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम हेच सांगतो : पुढील दिव्याचा झोत असा खाली वळलेला असावा की दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या बाजूस अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत.

एवढे झाल्यावर बल्ब. जास्त उजेडाच्या बल्बच्या वेष्टनावर १०० टक्के, १३० टक्के, १५० टक्के अधिक असे आकडे असतात आणि त्यांचा अर्थ जाणून घेतल्याशिवाय ते खरे वाटूही नयेत आणि खोटेही. ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बचा एकूण उजेड आंतरराष्ट्रीय मानकाने बांधून दिलेला आहे, त्यात १५ टक्क्यांपर्यंतच इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. तेव्हा एकूण उजेड दुप्पट होणे शक्यच नाही. तो आकडा झोतातील एका विशिष्ट ठिकाणच्या तेजाचा असतो आणि तुलना कायद्याने आवश्यक असलेल्या किमान पातळीशी केलेली असते, आपल्या जुन्या चांगल्या बल्बशी नव्हे. तरीही हे बल्ब फसवे नाहीत. त्यांत तार अधिक आखूड व घट्ट गुंडाळलेली असते, ती अधिक अचूक जागी बसवलेली असते आणि आतील वायूचा दाब जास्त असतो; त्यामुळे प्रकाशाचा उगम लहान व प्रखर होतो आणि रिफ्लेक्टर तो दूरवर नेऊन टाकू शकतो. आपल्याला हवे आहे ते हेच. किंमत द्यावी लागते ती आयुष्याच्या रूपाने : तार जास्त तापत असल्याने हे बल्ब साध्या बल्बपेक्षा लवकर जातात, आणि आकडा जितका मोठा तितके आयुष्य कमी. रोज रात्री तासभर हेडलाइट लागत असेल तर मी सर्वांत वरच्या आकड्याचा बल्ब सुचवत नाही, त्याच्या एक-दोन पायऱ्या खालचा सुचवतो. फिलिप्स आणि ओसराम या दोन्ही कंपन्यांच्या मालिकांत असे बल्ब आहेत. बल्बच्या बैठकीवर वर्तुळातील ‘ई’ आणि शेजारी देशाचा अंक असे मान्यताचिन्ह आहे ना, हे पाहून, पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

‘सुपर व्हाइट’विषयी थोडक्यात. साध्या हॅलोजनचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपास, किंचित पिवळसर असतो. त्याला पांढरा-निळसर दाखवण्यासाठी काचेवर निळा लेप देतात, आणि लेप पिवळा-लाल प्रकाश गाळून टाकतो, नवा प्रकाश निर्माण करत नाही. त्यामुळे दिसायला आधुनिक, पण रस्त्यावर पडणारा उजेड कमीच. जास्त उजेडाच्या काही चांगल्या बल्बवरही निळा पट्टा असतो. तो तारेच्या नेमक्या समोर येत नाही, म्हणून त्यावरून गोंधळू नये.

एलईडीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आज सर्वांत जास्त विकले जाते ते हेच. आधी खोक्यावरचा आकडा घेऊ. चांगल्या प्रतीच्या एलईडीतून वॅटमागे १०० ल्युमेन मिळतात असे धरले तर २०,००० ल्युमेनसाठी २०० वॅट लागतील, म्हणजे जोडीतील एका बल्बला १०० वॅट. हाताच्या मुठीत मावणाऱ्या पंख्याने बंद हेडलाइटमागे एवढी उष्णता बाहेर टाकणे शक्य नाही. प्रत्यक्षात तो बल्ब किती वॅट खातो हे मल्टिमीटरने पाहिले की आकड्याची किंमत कळते.

पण समजा उजेड खरोखरच जास्त आहे. तरी अडचण वेगळीच आहे. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि तिच्या कडेची सावली म्हणजेच भिंतीवर दिसणारी ती सीमारेषा. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या तारेची जाडी, लांबी आणि नेमकी जागा गृहीत धरून कोरलेला आहे. एलईडीचे चिप दोन बाजूंना चपटे बसवलेले असतात, त्यांच्यामध्ये पट्टीची जाडी असते, आणि तारेप्रमाणे सर्व दिशांना सारखा प्रकाश ते देत नाहीत. अशा रिफ्लेक्टरमध्ये ते बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखे आहे. उजेड सीमारेषेच्या वर सांडतो आणि दूरचा प्रखर ठिपका पसरट होतो. चालकाला मात्र फारच छान वाटते, कारण बोनेटसमोरचे १५-२० मीटर लख्ख उजळतात. नेमके तेच घातक आहे : जवळचा भाग जितका उजळ तितकी नजर जवळ ओढली जाते आणि डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो, परिणामी ५०-६० मीटरवरचा काळ्या कपड्यांतला पादचारी पूर्वीपेक्षा उशिरा दिसतो.

चांगल्या प्रतीचे, तारेच्या जागेची काटेकोर नक्कल करणारे एलईडी बनतच नाहीत असे नाही. जर्मनीत २०२० पासून ओसरामच्या आणि नंतर फिलिप्सच्या काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली, परंतु ती सरसकट नाही. गाडीच्या ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये बल्बची चाचणी झाली त्याच मॉडेलसाठी ती मान्यता आहे. एवढे काटेकोर असण्याचे कारण वरच्या परिच्छेदात आहे. आपल्याकडे मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाचे बंधन आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीने हेडलाइटविषयी प्रश्न विचारला तर उत्तर मालकालाच द्यावे लागते. शिवाय हॅलोजनची उष्णता पुढे काचेकडे जाते आणि आतील दव सुकवते, तर एलईडीची उष्णता मागे जाते. मागे पंखा असल्याने रबरी झाकण नीट बसत नाही, आणि जून-जुलैत हेडलाइटच्या आत पाण्याचे थेंब दिसू लागतात.

पावसाबद्दल आपण विशेष विचारले आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कोरडे डांबर खडबडीत असल्याने त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना उसळतो आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांकडे परत येतो. त्यावर पाण्याचा थर चढला की तो आरशासारखा वागतो : आपला उजेड पुढे निघून जातो, समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, आणि आपल्याकडे जवळजवळ काहीच परत येत नाही. माजिवड्याच्या पुढे पट्टे पुसले गेलेल्या, पाणी साचलेल्या रस्त्यावर हेडलाइट लागले आहेत की नाहीत अशी शंका येते ती यामुळे, आणि हा दोष बल्ब बदलून जात नाही. मूळ फॉग लॅम्प असतील तर कमी वेगात डावीकडची कड पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. त्याहून अधिक फरक पुढील काचेने पडतो : आतल्या बाजूने साचलेला तेलकट पापुद्रा साबणाच्या पाण्याने पुसावा, वायपरचे रबर पावसाळ्याआधी बदलावे. चाळिशी ओलांडली असेल आणि समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील तर डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी, कारण ती तक्रार हेडलाइटची नसते.

वरचे सर्व करूनही डिपर अपुरा वाटला, तर मान्य करावे लागेल की एच-४ च्या रचनेलाच मर्यादा आहे : त्या वाटीमुळे डिपर लागलेला असताना रिफ्लेक्टरचा जेमतेम वरचा अर्धा भाग वापरात येतो. अशा वेळी बल्बवर आणखी खर्च न करता, आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने प्रोजेक्टरचे, म्हणजे भिंगातून झोत टाकणारे, हेडलाइट दिले असतील तर ते संपूर्ण युनिट, मूळ भाग म्हणून, बसवण्याचा खर्च विचारावा. त्यात कपलर आणि फोकस खाली-वर करणारी मोटर जुळते की नाही हे सुटे भाग विकणाऱ्याकडून भाग क्रमांकावरून आधी खात्री करून घ्यावे. परदेशातून आलेले किंवा उजवीकडून वाहन चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेले युनिट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. त्याची चढती रेषा उजवीकडे, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर असते.

बल्ब बसवताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, कारण जुना हॅलोजन जळण्यापूर्वीच मंद झालेला असतो. काचेच्या नळीला बोट लावू नये. लागलेच तर स्पिरिटने पुसावे, कारण बोटांचे तेल तापलेल्या काचेवर डाग धरते आणि बल्ब तेथून तडकतो. बल्बच्या कडेची तीन टोके हेडलाइटच्या खाचांत पूर्ण बसली आहेत आणि तारेची क्लिप अडकली आहे हे हाताने चाचपून पाहावे, मग रबरी झाकण सर्व बाजूंनी दाबून बसवावे आणि त्याच भिंतीसमोर फोकस पुन्हा तपासावा, कारण बल्ब बदलला की रेषा थोडी तरी हलते. काढलेले बल्ब चालू असतील तर त्याच खोक्यात घालून डिकीत ठेवावेत.